फळीची खालची बाजू

तळहाताला काहीतरी चावलं. आधी वाटलं मुंगी. झटकायला गेले तर हात सहज सुटेना, कातडं ओढल्यासारखं झालं, आणि मग दिसलं की फळीच्या खालच्या बाजूने स्क्रूचं टोक बाहेर आलंय आणि ते माझ्या अंगठ्याखालच्या मांसल भागात घुसलंय. फार नाही. मोहरीएवढं रक्त आलं. मी ओरडले नाही, आणि त्याचं नवल मलाच वाटलं, कारण मी ओरडणारी बाई आहे. दूध उतू गेलं तरी शेजारच्या इमारतीला कळतं. पण या वेळी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण वर मिस्त्री होते, आणि मिस्त्रींच्या स्क्रूचं टोक फळीच्या दुसऱ्या बाजूला येत नाही. येऊच शकत नाही. सूर्य उगवला नाही असं कुणी सांगितलं तर आपण आधी खिडकीकडे बघू, तशी मी आधी त्या टोकाकडेच बघत राहिले. दुखायला लागलं ते नंतर.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. फर्निचरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, तिथे सगळे मिस्त्री म्हणायचे, मी चेष्टेत म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. तोंडावर अहो, मनात मिस्त्री. या माणसाची एक ख्याती होती. स्क्रूच्या डब्यात हात घालायचे, एक उचलायचे, बोटांत एकदा फिरवायचे, आणि लावायचे. बघायचे नाहीत. लांबी बोटांना कळायची. कारखान्यातली पोरं त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधायची आणि वेगवेगळे स्क्रू हातात द्यायची, आणि हे आपले एकेकाची लांबी सांगत बसायचे. चहाच्या पैजा लागायच्या. एकदा मालकाची बायकोसुद्धा बघायला आली होती म्हणे. आणि काम झालं की शेवटी डोळे मिटून फळीच्या खालून हात फिरवायचे. टेबल असो, कपाट असो, स्वयंपाकघरातलं मांडणीचं फडताळ असो, खालून हात फिरवल्याशिवाय काम संपलं असं त्यांच्या तोंडून निघत नसे. "वरचं गिऱ्हाईक बघतं, खालचं मी बघतो," असं म्हणायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मला जवळ घेतलं तेव्हा पाठीवरून असाच हात फिरवला होता. मी म्हटलं होतं, "काय, कुसळ सापडलं का?" तेव्हा जे हसले होते ते अजून कानात आहे.

तर मी फळीखाली बसले होते. आतल्या खोलीत सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर मोठा प्लाय आडवा टाकलेला, त्यावर कॉर्कची पातळ शीट चिकटवलेली, आणि तिच्यावर खेळण्यातल्या गाड्यांचा तो ट्रॅक. काळे प्लॅस्टिकचे तुकडे एकात एक अडकवत जायचं, प्रत्येक तुकड्यात दोन खाचा, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पोटाखालची खिळी खाचेत बसते, पट्ट्यांतून वीज येते, हातातला खटका दाबाल तशी गाडी पळते. एका खेळण्यांच्या दुकानाचं शोकेस मिस्त्रींनी केलं होतं, त्यात हा ट्रॅक मांडलेला असायचा. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने खोकंच्या खोकं यांच्या हातात ठेवलं. लेक तेव्हा लहान होती, पण खेळली ती थोडेच दिवस. खेळत राहिलो आम्ही दोघं. लेक आता दुसऱ्या गावाला असते, फोनवर विचारते, "काय, शर्यत झाली का आज?" सुट्टीच्या दुपारी जमिनीवर ट्रॅक मांडायचा, तास-दोन तास खेळायचं, आवरायचं. लाल गाडी माझी, पांढरी त्यांची. मी खटका दाबून धरते, सोडत नाही, वळणावर माझी गाडी उडून थेट पलंगाखाली जाते. मिस्त्री वळणाआधी हलकेच बोट सैल करायचे, इतकं हलकेच की गाडीने वळण घेतलं हे गाडीलाही कळू नये. "तू गाडी चालवतेस की भांडतेस?" असं विचारायचे. मी म्हणायचे, "तुम्ही चालवताय की वरात काढलीय?" तरी जिंकायचे तेच.

आज सकाळी अंथरुणातूनच म्हणाले, "ट्रॅक फळीवर पक्का करून टाकू या. किती वेळा मांडायचा नि आवरायचा." मी म्हटलं, करा की. मग चहा झाल्यावर म्हणाले, "तू खाली बसशील का जरा? प्लाय पातळ आहे, वरून दाबलं की लवतो. खालून हात लावून धर." सांगायला लाज कसली, मला आनंद झाला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कामाला हात लावू दिला नव्हता. पेचकस उचलून दिला तर "राहू दे, राहू दे." आणि आज आपण होऊन बोलावतायत. मी उशी घेऊन फळीखाली मांडी ठोकली, हात वर टेकवला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. माझ्या लॅबमधली नवी मुलगी, लिफ्टवाल्याचा संप, लेकीने लावलेला पडद्यांचा रंग. वरून हुं, हुं येत होतं. सुरुवातीला त्यांनी एकच सांगितलं होतं, "हाताला काही लागलं तर लगेच सांग हं." किती जपतायत, असं मला वाटलं. ते पलीकडच्या वळणापासून सुरुवात करून माझ्या हाताच्या दिशेने येत होते.

आता मी मान वर करून पलीकडच्या वळणाखाली बघितलं. खिडकीचा उजेड फळीखाली तिरपा येत होता. सगळी टोकं बाहेर होती. एकही आत नव्हतं. वळणाबरोबर वळत ओळीने बाहेर आलेली, चकचकीत, प्रत्येकाच्या भोवती प्लायचं कुसळ उठलेलं. एखादा स्क्रू चुकतो, माणूस आहे, लांब स्क्रूंचा डबा शेजारीच होता, एखादा येतो हातात. पण सगळेच? म्हणजे डबाच चुकला होता, आणि प्रत्येक वेळी डब्यात हात घालून, बोटांत फिरवून, बोटांनी बरोबर म्हणून सांगितलं होतं. मी वर हाक मारायला गेले आणि गप्प बसले. काय सांगणार होते? अहो, तुमची टोकं बाहेर आलीयत? या माणसाला?

वर पुढचा स्क्रू लागत होता. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, सपातांतले, टाचा किंचित उचललेल्या, जोर देताना उचलतात तशा. माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर प्लायला बारीक उंचवटा आला, फोड यावा तसा. मग तो उंचवटा फाटला, कुसळ वर आलं, आणि त्यातून टोक निघालं. निघत राहिलं. मग थांबलं, आणि अर्धा फेरा उलटं फिरलं. ही त्यांचीच पद्धत. मला मागे कधीतरी समजावून सांगितलं होतं, ट्रॅकचा स्क्रू कधी आवळायचा नाही, डोकं टेकलं की थांबायचं आणि अर्धा फेरा मागे यायचं, नाहीतर प्लॅस्टिक दबून खाच आकसते आणि गाडी अडते. "त्याला हलायला जागा ठेवायची, गरमीत फुगतं ते." म्हणजे मनगट शाबूत होतं, डोकं शाबूत होतं. डोक्याबद्दल मला क्षणभर भलतीच भीती वाटून गेली होती, ती त्या अर्ध्या फेऱ्याने गेली, आणि मग दुसरी आली. ती पहिलीपेक्षा हळू आली आणि गेली नाही.

माझा धंदा लोकांची बोटं टोचण्याचा आहे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी सकाळी खुर्ची मांडून बसते, माणसं एकामागून एक हात पुढे करतात, मी टोचते. पहिलवान असो नाहीतर पोर असो, टोचल्यावर हात मागे येतो. कुणाचा जोरात, कुणाचा नखभर, पण येतो. तो आपण आणत नाही, आपोआप येतो. क्वचित एखादा हात येत नाही. असा हात समोर पडून राहिला की मी वर चेहऱ्याकडे बघते, आणि तो माणूस बहुतेक वेळा दुसरीकडेच बघत असतो, त्याला कळलेलंच नसतं की टोचून झालं. मी काही बोलत नाही. डॉक्टर सांगतील. पण मला कळलेलं असतं.

आणि मागे एकदा घरी नव्या टोचण्या आणल्या होत्या, नमुन्याच्या. मिस्त्री पेपर वाचत बसले होते. मी गंमत म्हणून त्यांचं बोट धरलं आणि टोचलं. त्यांनी पान उलटलं. मी म्हटलं, "अहो, कातडं आहे की फळी?" ते पेपरातून वर बघून म्हणाले, "सुताराचं बोट आहे ते, घट्टे पडलेत." आणि आम्ही दोघंही हसलो. ते आधी हसले होते की मी? फळीखाली बसून मी हे आठवायचा इतका प्रयत्न केला की डोकं ठणकायला लागलं. वाटलं, ते माझ्या मागून हसले असतील तर एक अर्थ, आणि आधी हसले असतील तर अजून वाईट, म्हणजे त्यांना तेव्हाच माहीत होतं.

मग एकेक यायला लागलं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी येत राहिलं. शर्ट घालणं सोडलं मिस्त्रींनी, आताशा डोक्यातून घालायचे बिनबटणांचे सदरे घालतात, म्हणाले बटणं म्हणजे नसती कटकट. मी लेकीला फोनवर सांगितलं, बाबा म्हातारपणी फॅशन करायला लागलेत. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतात. गरम पातेलं फडक्याशिवाय उतरवलं आणि मी म्हटलं, बाई बाई, काय हात आहेत! कौतुक केलं मी. किल्ली लावताना किल्लीकडे बघतात, दिव्याचं बटण दाबताना बटणाकडे बघतात, आणि मला वाटलं, वयाने माणूस सावध होतो. रस्त्याने चालताना पूर्वी माझा हात असा धरायचे की अंगठा माझ्या बोटांच्या सांध्यांवरून फिरत असायचा, सवयीने, बोलता बोलता. आता मनगटच धरतात, आणि इतकं घट्ट की मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "अहो, पळून नाही जात मी." त्यांनी पटकन सोडलं. सोडलं आणि हाताकडे बघितलं, माझ्या नव्हे, स्वतःच्या. मी तेव्हा पुढे बघून चालले होते, पण बघितलेलं दिसतं, कारण आता मला ते स्वच्छ दिसत होतं.

आणि शर्यत. देवा. काही महिने झाले, मिस्त्रींची पांढरी गाडी वळणावर उडायला लागली होती. भिंतीवर जाऊन आदळायची. त्यांचं ते वळणाआधी बोट हलकेच सैल करणं गेलं होतं. एकदम सोडायचे नाहीतर दाबूनच धरायचे, माझ्यासारखे. आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या! म्हटलं, "सुधारलात बरं का शेवटी, जीव ओतून खेळायला लागलात." जिंकायला लागले मी, आणि मला काय वाटलं, तर मला खेळता येऊ लागलंय. ट्रॅक मांडतानाही तेवढाच गोंधळ. तुकड्यात तुकडा अडकला की बारीकसा टक् लागतो हाताला, तो लागल्याशिवाय वीज पुढे जात नाही. हल्ली अर्ध्यावर गाडी थांबायची, मग सांधे शोधत बसायचं, आणि मिस्त्री वैतागून म्हणायचे, जुना झालाय ट्रॅक. जुना बिना काही झाला नव्हता. म्हणून पक्का करायचा होता. एकदा कायमचा ठोकून टाकला की पुन्हा कधी तो टक् शोधायला नको. आणि फळी लवते म्हणून मला खाली बसवलं होतं! ज्या माणसाने आयुष्यभर फळ्या जोडल्या त्याला आधाराला दोन आडव्या पट्ट्या मारता आल्या नसत्या? त्यांना आधार नको होता, लागलेलं सांगणारा हात हवा होता. मला रागही आला. इतका आला की वर डोकं आपटावं असं वाटलं. जगाची बोटं माझ्या टेबलावर येतात, आणि ही दहा माझ्याच घरात, माझ्याच उशीशेजारी, आणि मला पत्ता नाही.

"काय गं, गप्प का झालीस?" वरून आवाज आला. "काही लागलं का?"

"नाही हो." मी अंगठ्याखालची जखम तोंडाला लावली. रक्ताची चव आली. मनात बेत सुरू होता. दुपारी हे झोपले की कानस घेऊन खालून सगळी टोकं घासून टाकायची. लाकूड आहे, लोखंड आहे, घासलं की जातं. कुणाला कळायला नको. "पायाला मुंग्या आल्यात, बाकी काही नाही."

पेचकस थांबला. टाचा खाली टेकल्या.

"तुलाही?" मिस्त्री म्हणाले.

खिडकीखालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मलाही म्हणजे?"

"काही नाही. बसून बसून येतात, म्हटलं." मग घसा खाकरला. "पाय मोकळे कर. झालंच हे वळण. थांब, हात फिरवतो."

"नको," मी म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. "फिरवला मी. छान गुळगुळीत आहे."

"बघू की."

"अहो, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्यावर आहे गं," ते म्हणाले. गुडघे वाजले, सपाता मागे सरकल्या, आधी एक हात जमिनीवर आला, मग डोकं. वाकून, लालसर झालेल्या चेहऱ्याने मिस्त्री फळीखाली आले आणि माझ्याकडे बघून किंचित हसले. मी त्यांचं मनगट धरायला हवं होतं. माझा हात मांडीवरून उठला नाही. भीतीने गारठले होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला बघायचं होतं. सकाळच्या खुर्चीत बसणारी बाई माझ्यात बसलेली असते, तिला तो हात मागे येतो का ते बघायचं होतं. येईल, असं मी मनात घोकत होते. येईल, आपोआप येतो, सगळ्यांचा येतो.

त्यांनी तळहात वर टेकवला, पलीकडच्या वळणाच्या सुरुवातीला, आणि फिरवायला लागले. पूर्वीसारखाच, सावकाश, गाईला गोंजारावं तसा. पण डोळे मिटले नव्हते. पूर्वी मिटायचे. आता उघडे होते आणि ते फळीकडेही बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. फळी कशी आहे ते माझ्या तोंडावर वाचत होते. आणि माझं तोंड, माझं मेलं सरावलेलं तोंड! रिपोर्ट कितीही वाईट असला तरी समोरच्याला चेहऱ्यावरून कळू द्यायचं नाही, हे वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं. एक रेषा हलली नाही माझी. मी शांत बघत राहिले, आणि वर त्यांचा हात एका टोकावरून गेला, दुसऱ्यावरून गेला, कुसळ मोडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला, आणि तो हात पुढे, पुढे, सबंध वळण फिरून माझ्यापर्यंत आला. कुठे अडखळला नाही. नखभरसुद्धा नाही.

"हं," मिस्त्री समाधानाने म्हणाले. "गुळगुळीत."

मग त्यांनी हात खाली घेतला आणि जमिनीवर टेकवला, उठायला. फरशीवर तांबडा ठसा उमटला. आधी त्यांनी ठशाकडे बघितलं, हे कुठून आलं म्हणून. मग वर फळीकडे. मग हात उलटा केला. तळव्यावर ओरखडेच ओरखडे, एक बराच खोल, मनगटाकडे रक्ताची धार निघालेली. ते तो हात निरखून बघत होते, दुसऱ्या कुणाचा चुकून आपल्याकडे आलेला असावा तसा. आणि मग त्यांनी मान वर केली. इतकी वर्षं या माणसाला बघतेय, पण असं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. फसवल्याचा राग नव्हता त्यात. चोरी पकडल्याची शरम असेल थोडी. बाकी सगळी विचारणा होती, पोराने आईला विचारावं तशी सरळ.

"लागलंय का गं मला?" मिस्त्रींनी विचारलं.

फळीखाली दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. माझं डोकं प्लायला टेकलेलं, त्यांचा खांदा घोडीच्या पायाला. माझ्या तोंडाचं काय झालं ते मला माहीत नाही, पण या वेळी ते मी आवरलं नाही.

"हो," मी म्हणाले. "लागलंय."

त्यांनी मान डोलावली. मी पदर गोळा करून त्यांच्या तळव्यावर दाबला, सकाळी सगळ्यांना सांगते तसं दाबून धरलं, वरून दुसरा हात ठेवला, माझं रक्त त्यांच्या रक्तात मिसळलं तरी सोडलं नाही. होतं नव्हतं तेवढं बळ लावून धरलं होतं. आणि मिस्त्री माझ्या हातांकडे टक लावून बघत होते, मी धरलंय की नाही ते बघायला.